अॅम्पच्या यादीत नसलेला बेंजो

"विषय कुठून मिळतो?" नेट, सेट किंवा पेटची तयारी करणारी मुलं मला हा प्रश्न हमखास विचारतात. माझं उत्तर दरवेळी तेच असतं: रोज हातात असलेल्या वस्तूकडे एकदा संशयाने बघा. आज मी माझंच उदाहरण सांगणार आहे. त्यात माझी एक चूकही आहे. ती लपवण्यापेक्षा सांगितलेली बरी, कारण मुलाखती घ्यायला निघालात की तीच चूक तुमच्याकडूनही होण्याची शक्यता आहे.

पेणला आमच्या घराच्या मागच्या गल्लीत गणपतीचा कारखाना आहे. आषाढ-श्रावणात तिथे रंगाच्या स्प्रे-गनचा कॉम्प्रेसर रात्री उशिरापर्यंत चालू असतो. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही, गणपती वेळेवर जायलाच हवेत. माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मात्र घरातल्या घरातही कुणाला चालत नाही. म्हणून मी रियाज लॅपटॉपवर करते. गिटारची वायर एका छोट्या ऑडिओ इंटरफेसमध्ये, तिथून यूएसबीने लॅपटॉपमध्ये, लॅपटॉपवर अॅम्प सिम्युलेटर नावाचं सॉफ्टवेअर आणि कानाला हेडफोन. शेजारच्या खोलीत ऐकू येते ती फक्त तारांची किरकिर. माझ्या कानात मात्र लंडनच्या एखाद्या सभागृहातला अॅम्प गरजत असतो.

लंडनचाच का? या प्रश्नापासून माझं काम सुरू झालं.

आधी वस्तू समजून घ्या

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहायचा तर ते यंत्र काय करतं हे आपल्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. नाहीतर आपण जाहिरातच पुन्हा लिहून काढतो.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. वर पोलादी तार थरथरली की त्यात अगदी क्षीण वीज तयार होते. ती मोठी करण्याचं काम अॅम्पचं. जुन्या अॅम्पमध्ये हे काम रेडिओत असत तसले काचेचे व्हॉल्व्ह करत. व्हॉल्व्हवर त्याच्या कुवतीबाहेर भार टाकला की तो लाटेची टोकं छाटायला लागतो आणि आवाज फाटतो. रॉकमध्ये आपण ज्याला गिटारचा आवाज म्हणतो, तो बराचसा हा फाटलेला आवाज आहे.

गंमत अशी की हा आधी दोष होता. 1961 मध्ये मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' हे गाणं आलं. ते नॅशव्हिलला रेकॉर्ड होताना स्टुडिओच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिनने वाजवलेला तुकडा चिरकत बाहेर आला. तो तसाच ठेवला गेला. तिथला रेकॉर्डिस्ट ग्लेन स्नॉडी याने पुढे तोच चिरका आवाज मुद्दाम काढणारी पेटी तयार करण्यात भाग घेतला. ती 1962 मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आली. 1964 मध्ये किंक्स या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर आवाज फाटावा म्हणून स्पीकरचा पडदाच ब्लेडने चिरला. बिघाड आधी होतो, मग कुणाला तरी तो आवडतो, मग त्याची मागणी येते. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता घरच्या रियाजाची अडचण बघा. व्हॉल्व्हचा हा आवाज मिळवायचा तर अॅम्प बराच मोठा करावा लागतो. गिटारच्या बारा इंची स्पीकरला नुसता एक वॅट दिला, तरी एक मीटरवर साधारण 97 ते 100 डेसिबल आवाज होतो. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल. म्हणजे खरा अॅम्प आणि भिंतीला भिंत लागून असलेलं घर यांचं जमणं अवघडच.

अॅम्प हेडफोनमध्ये कसा आला

ही अडचण फक्त पेणची नव्हती. 1982 मध्ये बोस्टन या बँडचा गिटारिस्ट टॉम शोल्झ याच्या कंपनीने 'रॉकमन' काढला. कमरेला लावायची डबी, तिला हेडफोन. शोल्झ मुळात इंजिनिअर होता. 1989 मध्ये 'सॅन्सअॅम्प' आला, तोही अॅनालॉगच. 1995 मध्ये रोलंडने 'व्हीजी-8' आणला, त्यात गिटार आणि अॅम्प दोन्हींची नक्कल गणिताने होत होती. 1998 मध्ये लाइन सिक्स कंपनीचा 'पॉड' आला. मूत्रपिंडाच्या आकाराची लाल डबी आणि आत सोळा अॅम्प असा तो प्रकार. त्यानंतर नक्कल सरळ कॉम्प्युटरमध्ये शिरली. 2002 मध्ये 'अॅम्पलिट्यूब', 2004 मध्ये 'गिटार रिग'. 2011-12 च्या सुमारास 'केम्पर' नावाच्या यंत्राने वेगळीच वाट काढली, आणि आता 'न्यूरल अॅम्प मॉडेलर' हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर कुणालाही वापरता येतं.

यात नक्कल करण्याच्या दोन पद्धती आहेत. त्या समजायला आमचा कारखाना उपयोगी पडतो. एक कारागीर मूर्तीची मापं, प्रमाणं, बैठक जाणतो आणि हाताने मूर्ती घडवतो. दुसरीकडे तयार मूर्तीवरून साचा काढतात आणि साच्यातून शंभर मूर्ती निघतात. सॉफ्टवेअरमध्येही तसंच आहे. पहिल्या पद्धतीत अॅम्पच्या सर्किटमधला प्रत्येक भाग गणितात मांडतात. दुसऱ्या पद्धतीत आत काय आहे याकडे न बघता अॅम्पमधून काही मिनिटांचा ठरावीक आवाज सोडतात, बाहेर आलेला आवाज रेकॉर्ड करतात आणि दोन्हींतलं नातं कॉम्प्युटरला शिकायला लावतात. हा झाला साचा. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी न्यूरल नेटवर्कने हे काम रिअल टाइममध्ये होऊ शकतं हे 2020 पर्यंत दाखवून दिलं होतं.

साच्याची एक मर्यादा लक्षात घ्या. ज्या क्षणी साचा काढला त्या क्षणी अॅम्पची बटणं जिथे होती, तेवढ्याच स्थितीची ती नक्कल असते. बटण फिरवल्यावर खरा अॅम्प काय करेल हे त्या एका साच्याला माहीत नसतं. कुठलाही दस्तऐवज असाच असतो, एका क्षणी एका कोनातून घेतलेला. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

यादी वाचायला शिका

आता मूळ प्रश्न, लंडनच का?

सिम्युलेटर उघडलं की समोर अॅम्पची यादी येते. वादक त्यातून आवाज निवडतो. संशोधकाने ती यादी दप्तरखान्यातल्या रुमालासारखी सोडून वाचावी. मूळ 'पॉड'च्या यादीत 'स्मॉल ट्वीड', 'ब्लॅक पॅनल', 'ब्रिट ब्लूज', 'ब्रिट हाय गेन' अशी नावं होती. ट्वीड म्हणजे 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फेंडरच्या अॅम्पला चढवलेलं कापड. ब्रिट म्हणजे ब्रिटिश. कंपन्यांची नावं ट्रेडमार्कमुळे जशीच्या तशी घेता येत नाहीत, म्हणून कापडाचं आणि देशाचं नाव घेतलं. म्हणजे ही नावं आपल्याला कायदाही सांगतात आणि भूगोलही. आणि तो भूगोल अगदी छोटा आहे, थोडी अमेरिका आणि थोडं इंग्लंड.

त्यातला ब्रिटिश भागही मुळात नक्कलच आहे. 1962 मध्ये लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शलच्या दुकानात पहिला मार्शल अॅम्प तयार झाला, तो फेंडरच्या 'बेसमन' या मॉडेलचं सर्किट समोर ठेवून. अमेरिकन अॅम्प तिथे महाग पडत होते. पण सुटे भाग तिकडच्या बाजारातले वापरले. फेंडरला उघड्या पाठीच्या पेटीत दहा इंची चार स्पीकर होते, मार्शलने बंद पेटीत सेलेस्टियनचे बारा इंची चार बसवले. आवाज बदलला आणि त्या नकलेलाच लोक अस्सल म्हणायला लागले. नक्कल करताना स्थानिक माल वापरला की नवी वस्तू जन्माला येते, हे माझ्या संशोधनातलं पहिलं विधान. दुसरं विधान मला रोह्याच्या मामाने दिलं.

बेंजो

माझ्या मामाची तरुणपणी बेंजो पार्टी होती. रायगडात वाढलेल्यांना बेंजो म्हणजे काय हे सांगायला नको. हळद, वरात, गणपतीची मिरवणूक, सगळीकडे बेंजो लागतोच. बाकीच्यांसाठी सांगते: अमेरिकन लोकसंगीतातला गोल, कातडी मढवलेला बँजो वेगळा. आपला बेंजो म्हणजे लांबट पेटी, तिच्यावर पोलादी तारा, डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं आणि उजव्या हातात तारा छेडायची पट्टी. याचंच दुसरं नाव बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज म्हणजे 'ताइशोगोतो' हे जपानी वाद्य. 1912 मध्ये नागोयाच्या मोरिता गोरो यांनी ते तयार केलं. पुढे ते भारतात आलं. मिरवणुकीत ऐकू जावं म्हणून त्याला पिकअप बसला, वायर जोडली गेली आणि सभेसाठी वापरतात त्या अॅम्प्लिफायरमधून आवाज भोंग्यावर गेला. 2016 मध्ये रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटही काढला, त्यात रितेश देशमुख होता. म्हणजे हे वाद्य काही कोपऱ्यात पडलेलं नाही.

आता मघाचा क्रम आठवा. पोलादी तारा, पिकअप, कुवतीबाहेर रेटलेला अॅम्प, फाटणारा आवाज, आणि तो फाटलेला आवाजच आवडायला लागणं. तांत्रिक अंगाने ही इलेक्ट्रिक गिटारचीच गोष्ट आहे, घडली मात्र वेगळ्या मालावर. गिटारचा स्पीकर वरचे तीक्ष्ण स्वर, साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढचे, दाबून टाकतो. भोंगा उलट खालचा खर्ज गिळतो आणि मधला भाग पुढे ढकलतो. म्हणून बेंजो दोन गल्ल्या सोडूनही ओळखू येतो.

मी आजवर वापरलेल्या एकाही सिम्युलेटरमध्ये, कंपनीने दिलेल्या यादीत भोंगा लावलेला बेंजोचा अॅम्प मला दिसला नाही.

माझी चूक

मी वही-पेन आणि रेकॉर्डर घेऊन मामाकडे गेले. पहिला प्रश्न विचारला, "मामा, तुमचा अॅम्प कोणत्या कंपनीचा होता? मॉडेल कोणतं?" मामा म्हणाला, "भाड्याचा होता गं. मिळेल तो." पुढचा प्रश्न, "मग आवाज कसा सेट करायचात?" मामा म्हणाला, "वाजवायचो." अर्ध्या तासात मुलाखत संपली. घरी येऊन मी नोंद केली, 'माहिती उपलब्ध नाही.'

ही नोंद चुकीची होती. माहिती होती, माझा प्रश्न चुकीचा होता. कंपनी, मॉडेल, बटणांची स्थिती ही सगळी वर्गवारी मी सिम्युलेटरच्या यादीतून उचलली होती. मामाच्या जगात अॅम्प ही एकटी वस्तू नव्हतीच. दुसऱ्या वेळी मी फक्त एवढंच म्हणाले, "वरात निघायच्या आधी तुम्ही काय काय करायचात ते सांग." मामा दोन तास बोलला. भोंगे हातगाडीवर कुठल्या तोंडाने बांधायचे, ढोलकी आणि ताशा जवळ असले की बेंजोचा आवाज किती चढवायचा, अरुंद आळीत कसा उतरवायचा, बॅटरी उतरायला लागली की आवाज कसा बसतो. आणि एक शब्द त्याने तीनदा वापरला: "करकरीत". आवाज करकरीत हवा, पण चाल कळली पाहिजे. फाटलेला आवाज किती फाटावा याचं मोजमाप या एका वाक्यात आहे. ते डेसिबलमध्ये नाही म्हणून ते मोजमाप नाही, असं समजू नका.

तो अॅम्प बघायला मिळेल का, असं विचारलं तर मामा हसला. भाड्याने देणाऱ्याने नवं डीजे सामान घेतलं तेव्हा जुनं भंगारात दिलं होतं.

मौन कुठे तयार होतं

इथे तुम्हाला एक पुस्तक सुचवते. हैतीचे मानववंशशास्त्रज्ञ मिशेल-रोल्फ त्रूयो यांचं 'सायलेन्सिंग द पास्ट' 1995 मध्ये आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इतिहासातलं मौन चार टप्प्यांवर तयार होतं. साधनं तयार होताना, ती दप्तरात लावताना, त्यातून गोष्ट रचताना, आणि शेवटी महत्त्वाचं काय हे मागे वळून ठरवताना.

बेंजोला हे लावून बघा. साधन तयार होताना: भाड्याच्या, जोडून केलेल्या सामानाला मॉडेल नंबर नसतो. दप्तरात लावताना: सॉफ्टवेअर कंपनी ग्राहकाला माहीत असलेलेच अॅम्प यादीत घेते. यात कट-कारस्थान काही नाही, विकायचं तर तेच घ्यावं लागतं. गोष्ट रचताना: गिटारच्या इतिहासात मिरवणुकीतलं वाद्य बसत नाही, आणि शास्त्रीय संगीताच्या इतिहासातही नाही. मागे वळून बघताना: 'क्लासिक' हा शब्द यादीतल्या अॅम्पनाच मिळतो, मग पुढची यादी त्यावरूनच तयार होते. चारही टप्पे पार करून मौन माझ्या वहीपर्यंत पोचलं आणि मी लिहिलं, 'माहिती उपलब्ध नाही.' चौथं मौन मीच तयार करत होते.

याचा अर्थ सिम्युलेटर वापरू नका असा अजिबात नाही. ते नसतं तर मला गिटार आलीच नसती. घरी सुरू करणार असाल तर दोन गोष्टी सांगते. पहिली, उशीर. सॉफ्टवेअर आवाज छोट्या गठ्ठ्यांत घेतं. सेकंदाला 48,000 नमुने आणि गठ्ठा 256 चा असेल तर सुमारे 5.3 मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात ध्वनी हवेत साधारण 1.8 मीटर जातो, म्हणजे अॅम्प सहा फुटांवर ठेवल्यासारखं. 1024 चा गठ्ठा ठेवलात तर 21 मिलिसेकंद, अॅम्प चोवीस फुटांवर. शिवाय इंटरफेस आणि ड्रायव्हरचा उशीर वेगळा. बोटं आणि कान यांची चुकामूक होते ती इथेच. दुसरी, अॅम्पनंतर स्पीकरची नक्कल चालू आहे ना ते बघा. नाहीतर आवाज डबीत कोंडलेल्या माशीसारखा येतो आणि आपण उगाच गिटारला दोष देतो.

आणि हेडफोनमध्ये एक बारीक घुंऽऽ ऐकू आली तर ती लगेच बंद करू नका, आधी ऐका. साध्या सिंगल-कॉइल पिकअपमध्ये घरातल्या विजेची गुणगुण शिरते. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50 ची. म्हणजे अॅम्प कॅलिफोर्नियाचा, स्पीकर लंडनचा, आणि माझ्या आवाजात पेणची अशी एकच गोष्ट, ती घुंऽऽ. सॉफ्टवेअरमध्ये तीही पुसून टाकायचं बटण असतं. मीही ते वापरते, नाही असं नाही.

आता तुमचं काम

सध्या मी दोन कामं करते आहे. एक, वाजवणाऱ्यांकडून आणि सामान भाड्याने देणाऱ्यांकडून त्यांच्याच शब्दांत वर्णनं जमवणं: करकरीत, बसका, चिरका, मोकळा. दोन, चालू स्थितीतला एखादा जुना अॅम्प आणि भोंगा सापडला तर मोफत सॉफ्टवेअरने त्याचा साचा काढून ठेवणं. साच्यात हातगाडी येणार नाही, आळी येणार नाही, उतरलेली बॅटरीही येणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून साच्याशेजारी मामाचं बोलणं ठेवायचं. एकट्या कुठल्याच साधनावर विसंबायचं नाही.

तुम्ही विषय शोधत असाल तर आजच एक करून बघा. रोज वापरता त्या एखाद्या अॅपमधली, सॉफ्टवेअरमधली किंवा फॉर्ममधली यादी उघडा. प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न लिहा: हे मूळ कुठलं? ते कुणी निवडलं? माझ्या गावातलं याच कामाचं काय या यादीत नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं की ते घेऊन आधी माणसाकडे जा. आणि माणसाकडे जाताना यादी घरी ठेवून जा.

पण उशीर करू नका. मामाला विचारायला मी पाच वर्षं आधी गेले असते, तर कदाचित तो अॅम्प भंगारात जायच्या आधी सापडला असता.